सा कोणी घालायची? अमेरिकन सामोआतल्या सागरी अभयारण्याचं एक प्रकरण

सामोआतल्या बऱ्याच गावांत संध्याकाळी शंख किंवा घंटा वाजली की रस्ते ओस पडतात. घराघरांत प्रार्थना सुरू होते, आणि गावचे तरुण रस्त्याच्या कडेला उभे राहून कुणी हिंडत नाही ना हे पाहतात. तेवढा वेळ गाव बंद. या बंदीला म्हणतात ‘सा’. समुद्रालाही हाच शब्द लागतो. प्रवाळखडकाचा एखादा तुकडा काही काळ विसावू द्यायचा असला, एखाद्या मोठ्या समारंभासाठी मासळी राखून ठेवायची असली, की ग्रामसभा तिथे सा घालते. काम झालं की सा उठते. घालणारे तेच, उठवणारेही तेच.

हे प्रकरण २००९ ते २०१२ या काळातलं आहे. अमेरिकेच्या संघीय सागरी खात्याने तेव्हा याच बेटांभोवतीचं अभयारण्य वाढवायला घेतलं, आणि समुद्र बंद करण्याचा अधिकार कुणाचा हा प्रश्न उघड्यावर आला. ठिकाणं आणि संस्था खऱ्या नावांनी दिल्या आहेत. गावातल्या माणसांची आणि कुटुंबांची नावं मुद्दाम टाळली आहेत; जिथे गरज पडली तिथे फक्त पद सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

दक्षिण प्रशांत महासागरात सामोआ दोन आहेत. पश्चिमेचा स्वतंत्र देश, आणि पूर्वेचा अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. आपलं प्रकरण पूर्वेकडचं. २०१०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ५५,५१९ होती, आणि त्यातले बहुतेक लोक तुतुइला या मुख्य बेटावर राहतात. तुतुइलाच्या प्रमुखांनी १७ एप्रिल १९०० रोजी आणि पूर्वेकडच्या मानुआ बेटांच्या प्रमुखांनी १६ जुलै १९०४ रोजी करारपत्रांवर सह्या करून बेटं अमेरिकेच्या स्वाधीन केली. त्या करारपत्रांत लोकांच्या जमिनी आणि इतर मालमत्ता त्यांच्या रीतीनुसार राखल्या जातील अशी हमी होती. शंभर वर्षांनंतरही तिथला माणूस सरकारशी भांडताना आधी या कागदांचा दाखला देतो. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

तिथल्या जगण्याच्या रीतीला ‘फाआ सामोआ’ म्हणतात, म्हणजे सामोआची पद्धत. विस्तारित कुटुंब म्हणजे ‘आइंगा’. कुटुंबाच्या वतीने बोलणारा, जमीन सांभाळणारा प्रमुख म्हणजे ‘मताई’. मताईंची सभा म्हणजे ‘फोनो’. बहुतांश जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची असते, आणि गावासमोरचा प्रवाळखडक गाव आपलाच समजतं. दुसऱ्या गावच्या माणसाने तिथे विचारल्याशिवाय गळ टाकला तर तो त्या गावाचा अपमान ठरतो.

मासा हे तिथे नुसतं अन्न नाही. रविवारच्या ‘तोओनाई’ या जेवणाला मासा लागतो, लग्नाला आणि मयताला लागतो, मताईंना आणि चर्चच्या पाद्र्यांना मान म्हणून द्यावा लागतो. कासवाला ‘इआसा’ म्हणत, म्हणजे सा असलेला मासा. तो प्रमुखांनाच द्यायचा. (‘सा’ म्हणजे बंद आणि ‘सा’ म्हणजे पवित्र, असे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात आहेत, हे मला फार बोलकं वाटतं.) फांगासा गावात ‘आतुले’ या माशाचे थवे उपसागरात शिरले की नारळीच्या झावळ्या दोरात गुंफून लांब पडदा करतात, सगळं गाव पाण्यात उतरतं आणि मासे किनाऱ्याकडे हाकलतं. आलेली मासळी वाटून घेतात. मालवणात किंवा वेंगुर्ल्यात ज्याने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

तुतुइलाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर फांगातेले नावाचा छोटा उपसागर आहे. जुन्या ज्वालामुखीचं मुख एका बाजूने झिजलं आणि समुद्र आत शिरला, तसा तो तयार झाला. भोवती उंच कडे आणि दाट झाडी, खाली दीडशेहून अधिक जातींचे प्रवाळ आणि अडीचशेहून अधिक जातींचे मासे. हिवाळ्यात कुबड्या देवमासे येतात. जमिनीवरून तिथे जायचं तर वाट कुटुंबांच्या जमिनीतून जाते, त्यामुळे आधी परवानगी मागावी लागते.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस तुतुइलाभोवती ‘आलामेआ’ या काटेरी तारामाशांची लाट आली. हे तारामासे जिवंत प्रवाळ खातात. फांगातेलेतला नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवाळ त्यांनी संपवला. त्यानंतर प्रादेशिक सरकारनेच पुढाकार घेऊन प्रस्ताव पाठवला, आणि १९८६ मध्ये हा उपसागर अमेरिकेचं राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाला. क्षेत्र जेमतेम पाव चौरस मैल, म्हणजे १६३ एकर. देशातल्या अशा सगळ्या अभयारण्यांत सर्वांत लहान. मासेमारी तेव्हा पूर्ण बंद झाली नव्हती; ठरावीक साधनांना मुभा होती. प्रवाळ हळूहळू परत आला, १९९० आणि १९९१च्या वादळांनी पुन्हा मोडला, पुन्हा उगवला.

आलामेआवरून सामोआत एक म्हण आहे: ‘ए फोफो ए ले आलामेआ ले आलामेआ’. आलामेआचा काटा लागला तर तोच उलटा करून जखमेवर ठेवायचा, तो स्वतःच विष शोषून घेतो, अशी समजूत त्यामागे आहे. म्हणीचा वापर मात्र जखमेपुरता नाही. गावातलं दुखणं गावानेच बरं करावं, बाहेरचा वैद्य नको, असा तिचा अर्थ. आपली ‘काट्याने काटा काढावा’ ही म्हण शब्दांनी जवळची आहे, अर्थाने लांबची. आपल्या म्हणीत डाव आहे. त्यांच्या म्हणीत घरातलं घरात मिटवण्याची जबाबदारी आहे.

प्रश्न काय होता

ऑगस्ट २००० मध्ये तेव्हाचे राज्यपाल ताउएसे सुनिया यांनी प्रदेशातले वीस टक्के प्रवाळखडक पूर्ण संरक्षणाखाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. पुढच्या वर्षी हवेच्या टाक्या लावून पाण्याखाली भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली. तो निर्णय मला अजूनही सगळ्यांत नेमका वाटतो. रात्री टाकी लावून उतरणारा माणूस खडकात झोपलेले मोठे पोपटमासे एकामागून एक टिपतो. ही पद्धत परंपरेतली नव्हतीच. जुन्या रीतीला हात न लावता खडकावरचा मोठा भार त्याने कमी केला.

वीस टक्क्यांचं उद्दिष्ट मात्र मागे पडलं. मग ६ जानेवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पूर्वेच्या टोकाला असलेल्या निर्जन रोझ प्रवाळद्वीपाभोवतीचा सुमारे १३,४५० चौरस मैल समुद्र राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला, आणि तो फांगातेले अभयारण्याला जोडण्याची कार्यवाही सुरू करण्याचे निर्देश दिले. अभयारण्यांचं काम पाहणाऱ्या ‘नोआ’ या संघीय संस्थेने ती संधी साधून वस्तीजवळच्या इतर जागांचाही विचार सुरू केला.

इथे आकड्यांकडे नीट पाहायला हवं, कारण वाद कशाचा होता ते त्यांतून कळतं. शेवटी जे अभयारण्य झालं त्याचं क्षेत्र १३,५८१ चौरस मैल. त्यातला नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग एकट्या रोझचा, तुतुइलापासून पावणेतीनशे किलोमीटर लांब, माणसांची वस्ती नसलेला. उरलेल्या त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर चौरस मैलांतही बावन्न स्वेन्स बेटाभोवतीचे, तेही उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवर, आणि पंधराच्या आसपास मानुआतल्या ताऊ बेटाभोवतीचे. तुतुइलाच्या माणसाच्या रोजच्या वापरातलं पाणी एवढंच: फांगातेले, त्याच्या शेजारचे फांगालुआ आणि फोंगामाआ उपसागर, आणि आग्नेयेच्या औनुऊ बेटाभोवतीचा पट्टा. मिळून साडेसहा चौरस मैल, म्हणजे सतरा चौरस किलोमीटरच्या आसपास. बातम्यांत आकडा तेरा हजारांचा झळकला; गावाने हिशेब या सतरा चौरस किलोमीटरांचा केला.

औनुऊची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तुतुइलापासून मैलभर अंतरावरचं हे बेट. एकच गाव, माणसं जेमतेम साडेचारशे. जायला छोटी होडी, अळूची शेती, आणि ताजा मासा बेटाभोवतीच्या पाण्यातून. अशा गावाला ‘तुमच्या भोवतीचा समुद्र आता राष्ट्रीय अभयारण्य’ असं कळतं, तेव्हा त्याच्या कानांवर शब्द पडतो तो एकच: बंद.

सुनावण्यांत आणि लेखी हरकतींत लोकांचं म्हणणं साधारण तीन अंगांनी आलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हा खडक सांभाळतो, मग बाहेरचं सरकार कशाला? आम्ही मासे विकायला नाही, घराला आणि मानाला पुरतील एवढे काढतो, मग कायद्याचा बडगा आमच्यावर का? आणि आज थोडं बंद केलंत, उद्या सगळं बंद करणार नाही कशावरून? तिसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं कुठल्याही अधिकाऱ्याला अवघड असतं. नियम पुढे कोण कसे बदलेल हे त्याच्या हातात नसतं.

समोरचे पर्याय

काही न करणं हा पहिला पर्याय. फांगातेले आहे तसं राहील, रोझ दूर राहील, गावं आपलं पाहतील. वाद टळला असता. पण तुतुइलाचे खडक आलामेआ, वादळं आणि १९९४सारखं पाणी तापून प्रवाळाचं पांढरं पडणं यांतून पुन्हा पुन्हा सावरत होते. सावरायला बीज लागतं. काही जागा अखंड राहिल्या तर तिथूनच ते येणार.

दुसरा पर्याय गावाच्या नियमांचा. प्रदेशाच्या सागरी व वन्यजीव खात्याने दशकभर आधीच एक कार्यक्रम सुरू केला होता. गाव स्वतः आपल्या खडकाची योजना करतं, फोनो नियम ठरवतो, राखण गावचीच माणसं करतात, खातं शास्त्रीय मदत देतं. अलोफाउ, पोलोआ, वातिआ अशी गावं त्यात आली. फांगामालो गावाने तर आपला खडक पूर्ण बंद ठेवायलाही मान्यता दिली. आलामेआच्या म्हणीला सगळ्यांत जवळचा मार्ग हाच. त्याची अडचणही उघड आहे: सा उठू शकते. मोठं लग्न आलं, चर्चचा कार्यक्रम आला, की काही वर्षं वाढू दिलेले मासे चार दिवसांत संपू शकतात. लहान, लवकर वाढणाऱ्या माशांना हे चालतं. पन्नास वर्षं जगणाऱ्या माशांना आणि शेकडो वर्षांच्या प्रवाळाला ते चालत नाही.

तिसरा नमुना बेटावरच होता. राष्ट्रीय उद्यानाला १९८८ मध्ये मंजुरी मिळाली, पण सरकारने जमीन विकत घेतली नाही. १९९३ मध्ये गावांशी पन्नास वर्षांचा भाडेकरार झाला, आणि पोटापुरती पारंपरिक शेती-मासेमारी चालू ठेवण्याची सोय राहिली. भाडं देणारं सरकारी खातं आणि भाडं घेणारं गाव, यात मालक कोण हे कागदावरच स्पष्ट होतं. समुद्राच्या बाबतीत तसा करार बसवणं कठीण. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी कायद्याने प्रादेशिक सरकारच्या अखत्यारीत येतं, गावाच्या नाही. गावाची मालकी रीतीत आहे, सातबाऱ्यावर नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

चौथा पर्याय सगळ्या नव्या जागा पूर्ण बंद करण्याचा. पाचवा, जागेगणिक वेगळे नियम करण्याचा. शेवटी पाचवा निवडला गेला.

काय केलं

मसुदा ऑक्टोबर २०११ मध्ये आला, सुनावण्या झाल्या, आणि २६ जुलै २०१२ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध झाला. नाव बदलून ‘अमेरिकन सामोआचं राष्ट्रीय सागरी अभयारण्य’ झालं. पाच नव्या जागा जोडल्या: फांगालुआ-फोंगामाआ, औनुऊ, ताऊ, स्वेन्स आणि रोझ. रोझच्या भागाला सामोअन नाव दिलं, मुलिआवा. नकाशावर आपल्या भाषेतलं नाव येतं तेव्हा तो नकाशा थोडा आपला होतो. हे छोटं काम केलं ते बरं झालं.

नियम वाचताना लेखणी कुठे थबकली ते दिसतं.

फांगातेले पूर्ण बंद झालं. गळही नाही, पागही (फेकून टाकायचं जाळं) नाही. सव्वीस वर्षं ज्याला थोडी मुभा होती, तो उपसागर आता कायमचा सा.

शेजारच्या फांगालुआ-फोंगामाआत मात्र मासेमारी राहिली, आणि नियमातले शब्द पाहण्यासारखे आहेत. गळ, पाग, टाकीशिवाय भाला, आणि पोटासाठी व संस्कृतीसाठी परंपरेने वापरात असलेल्या निरुपद्रवी पद्धती. उदाहरणं म्हणून ओहोटीला खडकावरून वेचणं, ‘एनु’ आणि ‘ओला’. या शेवटच्या दोन सामोअन विणकामाच्या वस्तू, मासे धरण्याच्या टोपल्या. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, जिथे जहाजांचे टन आणि अक्षांश-रेखांश असतात, तिथे वेलींनी विणलेल्या टोपलीचं नाव जसंच्या तसं आलं. कुणीतरी म्हाताऱ्या माणसांचं ऐकल्याशिवाय हे शब्द तिथे पोचत नाहीत.

औनुऊत दोन पट्टे केले. एका पट्ट्यात मासेमारी चालू, अट अशी: पाण्यात उतरण्याआधी अभयारण्याला किंवा औनुऊ गावातल्या नेमलेल्या माणसाला कळवायचं. दुसरा पट्टा संशोधनासाठी. तिथे तळाची मासेमारी बंद. वरून पोहत जाणारे मोठे मासे गळ ओढत धरायला मोकळीक.

ताऊत अभयारण्याची हद्द राष्ट्रीय उद्यानाला लागून आली. तिथे एक प्रवाळ आहे, सात मीटरच्या आसपास उंच आणि चाळीस मीटरहून अधिक घेराचा, वय पाचशे वर्षांच्या वर. बेटांवर युरोपीय जहाज दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तो उभा आहे. मुलिआवातल्या मासेमारीचे नियम पुढच्या वर्षी वेगळे आले. सगळ्याच भागांत विष, स्फोटकं, टाकी लावून भाला आणि तळ खरवडणारी जाळी बंद.

त्याच सुमारास राजधानी पांगो पांगोजवळच्या उतुलेई इथे अभयारण्याचं माहितीकेंद्र उघडलं. त्याला ताउएसे सुनिया यांचं नाव दिलं. ते २००३ मध्ये गेले होते.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा संमतीची. सागरी अभयारण्यांच्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे: अभयारण्य राज्याच्या पाण्यात येत असेल, तर राज्यपाल पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत ‘हे आम्हाला मान्य नाही’ असं लेखी कळवू शकतो, आणि मग त्याच्या पाण्यापुरतं ते लागू होत नाही. अमेरिकन सामोआच्या राज्यपालांनी नकार दिला नाही. पण ही संमती राज्यपालाची, गावाची नव्हे. फाआ सामोआत खडकाबद्दल ‘हो’ म्हणण्याचा अधिकार ज्या फोनोचा, त्याच्यासाठी कायद्यात चौकट नव्हती. गावांशी बोलणं झालं, प्रदेशाच्या सामोअन कारभार खात्यासारख्या माध्यमातून बोलण्याची रीतही आहे. तरी बोलणं वेगळं आणि नकाराचा अधिकार वेगळा. पुढचा बराचसा संशय या फटीतून आला असं मला वाटतं.

दुसरी जागा फांगातेलेची. इथे मी बराच काळ अधिकाऱ्यांच्या बाजूने होतो. एवढासा उपसागर, दीर्घकाळाच्या नोंदी असलेला, पूर्ण बंद ठेवायला याहून योग्य जागा कुठली? शास्त्र म्हणून आजही मला तेच वाटतं. पण बंदीची रीत खटकते. ही सा ज्यांनी घातली ते उठवू शकतील असं तिच्यात काहीच नाही, आणि ज्या कुटुंबांच्या जमिनीतून वाट जाते त्यांना राखणीत कायद्याने ठरलेली जागा नाही. औनुऊच्या नियमात ‘गावातल्या माणसाला कळवा’ हे एक वाक्य आलं. तेच वाक्य फांगातेलेच्या नियमात, पाहुण्यांसाठी का होईना, घालता आलं असतं.

याच उपसागराबद्दल एक गोष्ट नजरेआड होते. माथ्यावर, फुतिंगा परिसरात, बेटाचा कचरा टाकण्याची जागा आहे. समुद्रातल्या गळावर नियम झाला. डोंगरावरून पावसाबरोबर खाली येणाऱ्या गोष्टींवर अभयारण्याचा हात पोचत नाही. गावकऱ्याला हे दिसतं. त्याच्या एनुवर जेवढं बोललं गेलं तेवढं या कचऱ्यावर का नाही, हा प्रश्न त्याने विचारला तर चुकलं कुठे?

तिसरी जागा औनुऊ. ‘आधी कळवा’ ही अट वरवर किरकोळ दिसते. मला ती या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत हुशार तरतूद वाटते. परक्या खडकावर जाण्याआधी त्या गावाला विचारणं ही मुळात फाआ सामोआची रीत. कायद्याने तिला आपल्या कागदावर घेतलं, आणि गावाला परक्या होडीवर नजर ठेवण्याचा एक आधार मिळाला. या तरतुदीतून गावाचा अधिकार कमी झाला नाही, थोडा वाढलाच.

काय झालं

अभयारण्य टिकलं. दरम्यानच्या काळात आलामेआ पुन्हा वाढले, तेव्हा राष्ट्रीय उद्यानाच्या पाणबुड्यांनी आणि इतरांनी तुतुइलाभोवती एकेका तारामाशाला बैलाचं पित्त टोचून लाट आवरली. १९७०च्या दशकासारखा विनाश झाला नाही. २०१५ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरा पडला. त्याला कुठलीच हद्द अडवू शकली नाही.

२०१३ मध्ये रोझच्या स्मारकातल्या मासेमारीचे नियम आले. बेटापासून बारा सागरी मैलांच्या आत मासेमारी बंद झाली. त्याच्या बाहेर व्यापारी नसलेल्या मासेमारीला परवान्याने मुभा मिळाली, आणि त्यात ‘रिवाजाची देवघेव’ मान्य झाली. म्हणजे मासे बाजारात विकायचे नाहीत, पण नात्यात, गावात, चर्चला द्यायचे. बदल्यात इंधनाला हातभार किंवा धान्य मिळालं तर तो व्यापार धरायचा नाही. ‘व्यापारी’ आणि ‘घरगुती’ अशा दोनच पेट्यांत सामोअन मासेमारी मावत नाही, हे सरकारी कागदाने कबूल केलं. हे आधीच्या सुनावण्यांमध्ये लोक जे सांगत होते त्याचंच फळ आहे, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण बोलणं तेच होतं.

करारपत्रांचा मुद्दा मात्र अभयारण्याबाहेर, दुसऱ्या वादात भडकला. २००२ पासून बेटांभोवती सुमारे पन्नास सागरी मैलांत पन्नास फुटांपेक्षा मोठ्या होड्यांना मज्जाव होता, म्हणजे ‘आलिआ’ या छोट्या जोडहोड्यांना जागा राहावी. २०१६ मध्ये संघीय मत्स्यखात्याने परवाना असलेल्या मोठ्या लाँगलाइन (लांब दोरीला अनेक गळ लावून मासे धरणाऱ्या) होड्यांसाठी ती हद्द बऱ्याच भागात बारा मैलांवर आणली. प्रादेशिक सरकार कोर्टात गेलं, युक्तिवाद १९०० आणि १९०४च्या करारपत्रांवर. मार्च २०१७ मध्ये हवाईतल्या संघीय जिल्हा न्यायालयाने निकाल प्रदेशाच्या बाजूने दिला. सप्टेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

या वादात गंमत म्हणून पाहण्यासारखं काही नाही, पण एक उलटापालट आहे. अभयारण्याच्या वेळी गाव म्हणत होतं, बंद करू नका. होड्यांच्या वेळी म्हणालं, उघडू नका. बाहेरून पाहणाऱ्याला हे लोक कधी संरक्षणाच्या विरोधात तर कधी बाजूने वाटतील. गावाच्या दृष्टीने मागणी दोन्ही वेळा एकच होती: आमच्या समुद्राला सा घालायची की उठवायची, हे आम्हाला विचारून ठरवा.

वेगळं काय करता आलं असतं

कोकणातल्या वाचकाला हे सगळं ऐकताना मालवण आठवलं असेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये, फांगातेलेच्या पाठोपाठच घोषित झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा. मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून, आणि तो आजही पुरता निवळलेला नाही. तिथेही माणसं जाळ्यांची नावं घेऊन विचारतात: गिलनेट कुठे, रापण कुठे, पर्ससीन कुणाचं? वापरातल्या साधनांची नावं घेऊन, गावाच्या बोलीत, नियम लिहिला असता तर मालवणातलं बोलणं वेगळ्या वाटेने गेलं असतं का, असं एनु आणि ओला हे शब्द वाचल्यापासून माझ्या मनात येतं.

सामोआपुरतं बोलायचं तर मी तीन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. हद्दीचा नकाशा काढायच्या आधी, वस्तीजवळच्या प्रत्येक जागेसाठी फोनोचा लेखी होकार घेतला असता. कायदा मागत नाही म्हणून काय झालं, मागायला कायद्याची मनाई नाही. फांगातेलेच्या माथ्यावरच्या कचऱ्याचा कार्यक्रम अभयारण्याच्या योजनेत पहिल्या पानावर घेतला असता.

तिसरी गोष्ट सा उठण्याची. कायद्यानुसार अभयारण्याच्या व्यवस्थापन योजनेचा पाच वर्षांनी आढावा घ्यायचा असतो. या आढाव्यात फांगातेलेसाठी एक ठरलेली बैठक ठेवता आली असती, वाट असलेल्या कुटुंबांच्या मताईंसोबत, खडकाच्या नोंदी समोर ठेवून, आणि बंदी पुढे चालवायची की नाही यावर त्यांचं मत लेखी नोंदवून. मला वाटतं, त्यांनी ती चालूच ठेवली असती.